‘तसंच हे’ कसं सुचतं?

वीज कशी वाहते हे समजावून सांगायचं झालं की आपण पाण्याकडे बोट दाखवतो. उंचावरच्या टाकीतून पाणी खाली येतं, तशी जास्त दाबाकडून कमी दाबाकडे वीज जाते. पाइप अरुंद असला की पाणी कमी येतं, तशी तार बारीक असली की प्रवाह कमी. जगभरच्या शाळांत ही उपमा चालते. आमच्या मोहोपाड्यात मात्र ती नुसती उपमा राहत नाही. आमच्या बाजूने पाताळगंगा वाहते आणि तिच्यातलं बरंचसं पाणी मुळात लोणावळ्याकडच्या घाटमाथ्यावरचं. वळवण, शिरवता, लोणावळा या तलावांतलं ते पाणी प्रचंड पाइपांतून पाचशे मीटरच्या आसपास खाली उतरतं, खोपोलीच्या वीजघरात टर्बाइन फिरवतं आणि मग नदीत सोडलं जातं. टाटांचं हे वीजघर १९१५ सालचं. मुंबईच्या कापडगिरण्या त्या विजेवर चालल्या. म्हणजे वीज देऊन मोकळं झालेलं पाणी रसायनीच्या कारखान्यांशेजारून पुढे धरमतरच्या खाडीकडे जातं.

मी खालापूर तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत बरीच वर्षं विज्ञान शिकवलं. खोपोलीला डोंगराच्या अंगावरून उतरणारे ते पाइप मुलांनी पाहिलेले असत. तरी वर्गात मी एक प्रश्न हमखास विचारी. एकाच उंचीवर दोन सारख्या टाक्या शेजारी शेजारी ठेवल्या आणि दोन्हींचा मिळून एक नळ काढला, तर एका टाकीपेक्षा पाणी दुप्पट जोरात येईल का? निम्म्याहून जास्त हात ‘हो’ म्हणून वर जात. खरं उत्तर ‘नाही’. पाण्याचा जोर टाक्या किती यावर नसतो, पाणी किती उंचावर आहे यावर असतो. टाकीवर टाकी रचली तर जोर वाढेल. शेजारी ठेवली तर पाणी जास्त वेळ पुरेल, एवढंच. बॅटरीच्या सेलचंही अगदी असंच आहे. एकापुढे एक जोडले की दाब वाढतो, शेजारी शेजारी जोडले की दाब तेवढाच राहतो. आता ज्या मुलाला टाकीचंच उत्तर येत नाही, त्याला ‘वीज पाण्यासारखी असते’ असं सांगून काय मिळणार? आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

हा प्रश्न अमेरिकेतल्या एका मानसशास्त्रज्ञ बाईंनी फार नीट तपासला. त्यांचं नाव डेड्रे गेंटनर. माणूस उपमेवरून विचार कसा करतो या विषयातलं हे मोठं नाव. १९८३ साली त्यांनी आणि डोनाल्ड गेंटनर यांनी विद्यार्थ्यांना विजेचे प्रश्न घातले आणि त्यांच्या डोक्यात विजेचं चित्र कोणतं आहे तेही विचारलं. काहींच्या डोक्यात पाणी होतं, काहींच्या डोक्यात गर्दी. गर्दी म्हणजे कशी? पनवेल स्टेशनवर गाडी रिकामी झाली की सगळे पादचारी पुलाकडे धावतात. एकच जिना असेल तर चेंगराचेंगरी. शेजारी दुसरा जिना उघडला तर माणसं भराभर पार होतात. तारेतल्या विजेला रोधक दोन असतील आणि ते शेजारी शेजारी असतील, तर वीज जास्त वाहते हे गर्दीच्या चित्रावरून पटकन कळतं. पाण्याच्या चित्रावरून सेलचे प्रश्न सोपे जातात. पहिल्या प्रयोगात नेमकं तेच दिसलं. ज्याच्या डोक्यात जे चित्र, त्याची चूक-बरोबर त्या चित्राप्रमाणे.

दुसऱ्या प्रयोगात त्यांनी ही चित्रं शिकवून पाहिली, आणि तिथे गंमत झाली. ज्यांना पाणी शिकवलं त्यांना सेलच्या प्रश्नांत अपेक्षेइतका फायदा झाला नाही. कारण शोधताना लक्षात आलं, की पाण्याचा दाब कसा चालतो हेच त्यांना धड माहीत नव्हतं. आमच्या वर्गात वर गेलेले हात मला ते वाचताना आठवले.

एका गोष्टीवरून दुसरी ओळखायची, ‘ते जसं तसंच हे’ म्हणायचं, याला आपल्याकडे जुनं नाव आहे उपमान. न्यायशास्त्राने ज्ञान मिळवण्याची जी चार साधनं मानली त्यांत प्रत्यक्ष, अनुमान आणि शब्द यांच्या जोडीला उपमानाला जागा दिली. तिथलं ठरलेलं उदाहरण गवयाचं. शहरातल्या माणसाने गवय कधी पाहिलेला नाही. रानातला माणूस त्याला सांगतो, गवय गाईसारखा असतो. पुढे हा रानात जातो, गाईसारखं जनावर बघतो आणि ओळखतो, हाच तो गवय. या उदाहरणात शिकवणारा रानातला आहे आणि शिकणारा शहरातला. हे मला फार आवडतं, आणि त्याचं कारण पुढे येईल.

गेंटनरबाईंनी आणखी एक बारीक भेद केला. गवय आणि गाय दिसायला सारखे असतात. पण पाणी आणि वीज दिसायला मुळीच सारखे नाहीत. वीज ओली नसते. तिथे जुळतात ते आतले संबंध. उंचीचा प्रवाहाशी जो संबंध, तोच दाबाचा विजेशी. चांगल्या उपमेत वस्तू जुळत नाहीत, वस्तूंमधली नाती जुळतात. आणि माणसाला दिसण्यातलं साम्य चटकन कळतं, नात्यातलं साम्य कळायला वेळ लागतो.

किती वेळ लागतो याचाही एक नामांकित प्रयोग आहे. एका रुग्णाच्या पोटात गाठ आहे. किरणांनी ती जाळता येते, पण तेवढा तीव्र किरण सोडला तर वाटेतलं चांगलं मांसही जळतं. काय कराल? कार्ल डुंकर या जर्मन मानसशास्त्रज्ञाचं हे कोडं. याचं उत्तर, सौम्य किरण अनेक बाजूंनी सोडायचे आणि गाठीवर एकत्र आणायचे. दहातल्या जेमतेम एकाला ते आपणहून सुचतं. मेरी गिक आणि कीथ होलिओक यांनी १९८० साली लोकांना आधी एक गोष्ट वाचायला दिली. एका किल्ल्याकडे पुष्कळ वाटा जातात, पण सगळं सैन्य एका वाटेने नेलं तर सुरुंग फुटतात. तेव्हा सेनापती तुकड्या पाडतो आणि वेगवेगळ्या वाटांनी पाठवून किल्ल्यापाशी एकत्र आणतो. माणिकगड आणि कर्नाळा बघत मोठं झालेल्याला ही गोष्ट सांगायलाही नको. पण ती वाचूनही फार थोड्यांना गाठीचं उत्तर सुचलं. ‘मघाची गोष्ट उपयोगी पडते का पाहा’ एवढं म्हटल्याबरोबर बहुतेकांना सुचलं. म्हणजे जुळवणं जमत होतं, आठवत नव्हतं. किल्ला आणि पोट यांचा एकमेकांशी संबंध मनात येतच नाही.

इथपर्यंत माणसांवरचे प्रयोग झाले. पण डोक्यात नेमकं काय चालतं? नात्यासारखी हाताला न लागणारी गोष्ट मेंदूच्या पेशींत ठेवली कशी जाते? हे पाहायला संशोधकांनी यंत्रं बनवली. त्यांना न्यूरल नेटवर्क म्हणतात, म्हणजे चेतापेशींचं जाळं. खऱ्या पेशी नव्हेत, संगणकातल्या आकड्यांच्या पेशी.

या जाळ्याची कल्पना अशी करा. भाजीच्या वाफ्यांना पाटाचं पाणी सोडताना आपण मातीचा बांध कुठे जरा जास्त फोडतो, कुठे बुजवतो. वरून पाणी येतं, वाटांतून फाटतं, पुन्हा मिळतं आणि शेवटच्या वाफ्यांत काही ठिकाणी जास्त, काही ठिकाणी कमी पोचतं. हवं तिथे पोचलं नाही तर उलटं मागे जाऊन कुठला बांध किती सरकवायचा ते ठरवायचं. जाळ्यातही असंच होतं. एका बाजूने प्रश्न आकड्यांच्या रूपात शिरतो, जोडण्यांतून जातो आणि दुसऱ्या बाजूला उत्तर निघतं. उत्तर चुकलं तर चूक मागे मागे नेऊन प्रत्येक जोडणी किंचित बदलायची. हे हजारो वेळा. १९८६ साली डेव्हिड रुमेलहार्ट, जेफ्री हिंटन आणि रोनाल्ड विल्यम्स यांनी ही रीत प्रसिद्ध केली, आणि आजची सगळी बोलणारी यंत्रं तिच्यावर उभी आहेत. (मीही उपमाच दिली हे तुमच्या लक्षात आलं असेल. पाटाच्या पाण्याला शेतकरी वळवतो. जाळ्यात शेतकरी नाही, फक्त हिशेब आहे. प्रत्येक उपमा कुठेतरी संपते.)

त्याच साली हिंटन यांनी एक छोटं जाळं नात्यागोत्यांवर शिकवलं. हेच हिंटन, ज्यांना २०२४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल जॉन हॉपफील्ड यांच्याबरोबर मिळालं. त्यांनी दोन कुटुंबं घेतली, एक इंग्रज आणि एक इटालियन. प्रत्येकात बारा माणसं, आणि दोन्ही वंशवृक्ष हुबेहूब सारखे. नावं तेवढी निराळी. ‘अमक्याची आई कोण’, ‘तमक्याचा भाऊ कोण’ अशी एकूण १०४ वाक्यं होती. त्यांतली १०० शिकवली आणि ४ लपवून ठेवली. शिकून झाल्यावर जाळ्याने न शिकवलेल्या वाक्यांचीही बहुतेक बरोबर उत्तरं दिली. मग हिंटन यांनी जाळ्याच्या पोटात डोकावून पाहिलं. माणसासाठी सहाच पेशी ठेवल्या होत्या. त्यांतली एक माणूस इंग्रज की इटालियन ते सांगत होती. एक पिढी सांगत होती. एक घराण्याची शाखा सांगत होती. पिढी हा शब्द जाळ्याला कुणी सांगितला नव्हता. फक्त आई, भाऊ, मुलगा एवढंच ऐकून त्याने पिढी शोधून काढली, आणि इंग्रज आजोबा व इटालियन आजोबा एकाच जागी नेऊन बसवले. इंग्रज घराचं शिकलेलं इटालियन घराला लागू पडलं. हेच तर उपमान.

मला नेहमी वाटतं, हा प्रयोग आपल्या घरात करायला हवा होता. इंग्रजीतल्या ‘अंकल’ या एका शब्दात आपले काका, मामा, आत्याचा नवरा आणि मावशीचा नवरा असे चौघे कोंबलेले असतात. मराठी जाळ्याला बापाकडचं नातं आणि आईकडचं नातं हा भेद फार लवकर शोधावा लागला असता. ‘काका : काकू’ सांगितल्यावर ‘मामा : मामी’ आमचं चार वर्षांचं पोरही सांगतं. ती काही असामान्य बुद्धी नाही, रोजच्या बोलण्यात ती नाती त्याच्या कानावर पडलेली असतात.

या जाळ्यांवर आक्षेप घेणारेही होते, आणि त्यांचा एक आक्षेप वजनदार होता. ‘वाघाने शेळीला पाहिलं’ आणि ‘शेळीने वाघाला पाहिलं’ यांत शब्द तेच, पेशी त्याच पेटणार. मग कोणी कोणाला पाहिलं हे जाळ्याला कळणार कसं? जेरी फोडर आणि झेनन पिलिशिन यांनी १९८८ मध्ये या तऱ्हेचा हल्ला चढवला. त्यावर १९९७ मध्ये जॉन हमेल आणि वर उल्लेख आलेले होलिओक यांनी सुचवलेली युक्ती मला सुंदर वाटते. त्यांच्या ‘लिसा’ नावाच्या नमुन्यात वाघाच्या पेशी आणि ‘पाहणारा’ या कामाच्या पेशी एकाच ठेक्यावर पेटतात. शेळी आणि ‘पाहिला गेलेला’ दुसऱ्या ठेक्यावर. कोण कोणाबरोबर आहे हे तालावरून ठरतं. पण एका वेळी थोडेच ताल सांभाळता येतात, जास्त झाले की गोंधळ. माणसाचंही तसंच होतं. चार-पाच गोष्टी एकदम डोक्यात धरायला लावल्या की उपमा विस्कटते. फळ्यावर चित्र काढलं की मुलांना का सोपं जातं, याचं हे एक उत्तर.

आता मुलांकडे येतो, कारण माझी खरी ओढ तिथे आहे. जाँ पियाजे यांच्या वजनामुळे पुष्कळ काळ असं मानलं जाई, की खरा उपमेचा विचार अकरा-बारा वर्षांच्या आधी येत नाही. उषा गोस्वामी आणि अॅन ब्राउन यांनी १९९० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात तीन, चार आणि सहा वर्षांच्या मुलांपुढे चित्रं ठेवली. चॉकलेट आणि वितळलेलं चॉकलेट, तर बर्फाचा माणूस आणि काय? तीन वर्षांची मुलंही नुसत्या अंदाजापेक्षा पुष्कळ जास्त वेळा बरोबर आली. आणि जी चुकली त्यांना बहुधा वितळणं म्हणजे काय, कापणं म्हणजे काय, हेच नीट माहीत नव्हतं. वय आडवं येत नव्हतं, माहिती आडवी येत होती.

लंडनच्या रॉबर्ट लीच, डेनिस मारेशाल आणि रिचर्ड कूपर यांनी २००८ साली याच गोष्टीचं जाळं बनवलं. त्यांनी जाळ्याला उपमा शिकवल्याच नाहीत. फक्त घटना शिकवल्या. सफरचंद, सुरी, कापलेलं सफरचंद. पाव, सुरी, कापलेला पाव. नंतर सुरी न दाखवता पाव आणि कापलेला पाव एवढंच दाखवलं. जाळ्याच्या मधल्या पेशींत ‘कापण्याची’ खूण उमटली, गरम तव्यावर ऊब राहावी तशी राहिली, आणि त्या उबेत सफरचंद पुढे केलं तर उत्तर आलं, कापलेलं सफरचंद. उपमेसाठी वेगळं यंत्र लागलं नाही. पहिल्या जोडीने नातं जागं केलं आणि ते दुसऱ्या वस्तूवर उतरलं. यात दोन अटी आहेत. पहिल्या जोडीतलं नातं आधी माहीत हवं, नाहीतर जागं काय होणार? आणि दुसऱ्या वस्तूचं तसं काही झालेलं माहीत हवं, नाहीतर ते उतरणार कुठे? शिकणं कच्चं असताना जाळं चुकत होतं, आणि घटना पक्क्या झाल्या की उपमा आपोआप जमत होत्या. मुलांचा प्रवासही साधारण असाच दिसतो.

सगळ्यांना हे पटलं नाही. पाव आणि सफरचंदापुरतं ठीक आहे, पण सूर्यमाला आणि अणू अशी नात्यांची मोठी मांडणी अशा नुसत्या उबेवर कशी जुळेल, असं टीकाकार म्हणाले. मलाही ती शंका रास्त वाटते. किल्ला आणि गाठ यांच्यात कुणाची ऊब कुणाला लागणार? पण शाळेत बुद्धी मोजायला आपण जे प्रश्न घालतो, ते जवळजवळ सगळे पाव आणि सफरचंदाच्याच जातीचे असतात.

शिष्यवृत्ती परीक्षेच्या बुद्धिमत्ता चाचणीत ‘समसंबंध’ नावाचा प्रकार असतो. पहिल्या दोन पदांत जो संबंध, तोच तिसऱ्या व चौथ्यात. त्यात या तऱ्हेचा प्रश्न येतो, गहू : ओंबी :: भात : ? उत्तर, लोंबी. आमच्या खालापूर-कर्जतच्या भागात भाताची लोंबी लहान पोरालाही माहीत. पण गहू इथे शेतात दिसत नाही, तो दुकानातून पिशवीत येतो. ओंबी हा शब्द ज्याने ऐकला नाही, त्याच्या डोक्यात पहिली जोडी काहीच जागं करत नाही. लोंबी माहीत असून तो गप्प बसतो. आता हाच प्रश्न उलटा घाला. भात : लोंबी :: गहू : ? त्याच मुलाला नातं लख्ख कळतं. ‘गव्हाचं कणीस’ असं काहीतरी तो म्हणेल. नेमका शब्द नाही म्हणून गुण नाही. एकाच्या बाबतीत नातं जागं झालं नाही, दुसऱ्याच्या बाबतीत जागं झालं पण उतरायला जागा नव्हती. लीच यांच्या जाळ्यात या दोन अगदी वेगळ्या चुका आहेत. उत्तरपत्रिकेत दोन्हींचा शून्यच.

आणि त्या शून्याचा अर्थ आपण काय लावतो? ‘डोकं कमी’. आमच्याकडे कातकरी आणि ठाकर समाजाच्या वाड्या पुष्कळ आहेत. कातकऱ्यांची बरीच घरं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडाशी परततात. मुलांची शाळा तिथेच तुटते. परत आलेल्या मुलाला ‘विमान : वैमानिक’ विचारायचं आणि तो अडला की मंद म्हणायचं, हे मी अनेक शिक्षकांच्या बैठकीत ऐकलं आहे. चाचणी बनवणाऱ्यांना ही अडचण ठाऊक नव्हती असं नाही. व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांची परदेशी चाचणी मराठी आणि कन्नड मुलांसाठी बेतून घेतली, आणि भारतीय मुलांची बुद्धी मोजण्यावरचं त्यांचं पुस्तक १९४० मध्ये निघालं. नुसतं भाषांतर पुरत नाही, हे इतकं जुनं शहाणपण आहे. ते वर्गापर्यंत पोचलेलं नाही, एवढंच.

आता या गोष्टीत बोलणारी यंत्रं आली आहेत. २०१३ साली गूगलमधल्या तोमाश मिकोलोव यांच्या गटाने ढिगाने मजकूर वाचवून जाळ्याला शब्दांचे आकडे शिकवले, आणि ‘राजा’तून ‘पुरुष’ वजा करून ‘स्त्री’ मिळवली तर ‘राणी’च्या जवळ पोचतो असं दिसलं. नातं म्हणजे एका शब्दाकडून दुसऱ्याकडे जाण्याची दिशा. त्याची फार वाहवा झाली. नंतर तपासणाऱ्यांनी दाखवलं, की प्रश्नातलेच शब्द उत्तरातून आधी वगळलेले होते. ते वगळले नाहीत तर पुष्कळदा पुन्हा ‘राजा’च निघतो.

मग २०२३ साली टेलर वेब, होलिओक आणि होंगजिंग लू यांनी जीपीटी-३ ला उपमेच्या चाचण्या दिल्या. त्यांतल्या पुष्कळ चाचण्यांत यंत्र कॉलेजच्या विद्यार्थ्यांच्या बरोबरीने किंवा पुढे गेलं. त्यात अक्षरांच्या ओळींची कोडी होती. आपल्या अक्षरांत सांगायचं तर, ‘क ख ग’चं ‘क ख घ’ झालं, तर ‘च छ ज’चं काय होईल? ‘च छ झ.’ (आपली वर्णमाला स्वतःच समसंबंधाचा तक्ता आहे, हे कुणी मुलांना सांगत नाही. क चा ग शी जो संबंध तोच च चा ज शी, ट चा ड शी, त चा द शी. गळ्यावर बोट ठेवून म्हणून पाहा.) पुढच्याच वर्षी मार्था लुइस आणि मेलनी मिचेल यांनी अक्षरांचा क्रमच बदलून टाकला. नवा क्रम समोर लिहून दिला आणि म्हणाल्या, आता याप्रमाणे सोडवा. माणसांना ते फारसं जड गेलं नाही. यंत्रं मात्र घसरली. वेब यांच्या गटाचं उत्तर असं, की यंत्राला अक्षरं मोजताना अडतं, मोजायची सोय दिली तर ते पुन्हा बरं करतं. हा वाद अजून मिटलेला नाही.

मला यातून दिसतं ते एवढं. ज्याने ओंबी, लोंबी, कणीस हे सगळे शब्द वाचले आहेत पण शेत कधी पाहिलं नाही, असं यंत्र समसंबंधात पैकीच्या पैकी मिळवू शकतं. ज्याने आयुष्य शेताच्या बांधावर काढलं त्या मुलाला शून्य मिळू शकतं. दोघांपैकी बुद्धिमान कोण, हे त्या कागदावरून ठरत नाही. कागदावर दिसतं ते कोणाच्या वाट्याला कोणते शब्द आले ते.

निवृत्तीनंतर मी संध्याकाळी वाडीवरच्या काही मुलांना शिकवतो. समसंबंधाचा प्रश्न देण्याआधी त्यातल्या वस्तूंविषयी दोन-तीन साधे प्रश्न विचारतो. गव्हाचं पीक पाहिलंय का? दाणे कुठे लागतात? त्याला काय म्हणतात? मगच जोडी. वहीत दोन वेगळ्या खुणा करतो. नातं कळलं नाही त्याला फुली, शब्द आला नाही त्याला टिंब. फुल्या थोड्या असतात आणि टिंबं पुष्कळ. टिंब भरून काढायला एक संध्याकाळ पुरते. फुलीला वेळ द्यावा लागतो, आणि तो मग मी द्यायला मोकळा असतो, कारण उरलेला वेळ टिंबांवर फुली समजून वाया गेलेला नसतो.

मुलांना स्वतःच्या जोड्या करायला सांगितलं तेव्हा तर धमाल आली. ‘गळ : मासा :: फास : पाखरू.’ ‘मुंगी : वारूळ :: खेकडा : बीळ.’ सहावीतल्या एका मुलीने घातलेला प्रश्न असा होता, ‘शेवळं : काकडं :: अळू : ?’ पावसाच्या सुरुवातीला रानात येणारी शेवळं घशाला खाजतात, म्हणून भाजीत काकडं घालतात. अळूही खाजतं, म्हणून त्यात चिंच. दोन भाज्या दिसायला निराळ्या, आंबट फळंही निराळी, आणि नातं अगदी एक. सुट्टीला मुंबईहून आलेला माझा नातू शिष्यवृत्तीच्या तयारीत पक्का मुरलेला. त्याच्यापुढे हा प्रश्न ठेवला. त्याने तो दोनदा वाचला आणि विचारलं, “आजोबा, शेवळं म्हणजे काय?”